बस्त्याचं गाव

पहाटे साडेपाच

आज पाण्याचा दिवस. म्हणजे असावा, असं काल रात्री गल्लीत ठरलं. आमच्याकडे नळाला पाणी पाच-सहा दिवसांनी येतं, कधी आठवडा उलटतो, आणि वेळेचा तर भरवसाच नाही. पाणी सोडणारा माणूस चावी घेऊन कुठल्या कोपऱ्यावर दिसला ही बातमी आधी मोबाईलवर फिरते, मग नळ खोकायला लागतो. मोटर लावायची, वरची टाकी भरायची, मग पिंपं, मग हंडे-कळश्या. शेजारच्या काकू पदर खोचून दारात उभ्या राहतात आणि उद्धार सुरू करतात. कुणाचा ते सांगायला नको.

गंमत अशी, की भारतातल्या शहराला चोवीस तास पाणी देता येतं हे ज्या गावांनी दाखवून दिलं त्यांत हुबळी-धारवाड होतं. जागतिक बँकेच्या कर्जातून 2008 च्या सुमारास इथल्या, बेळगावातल्या आणि गुलबर्ग्यातल्या काही वॉर्डांत नळ दिवसरात्र चालू राहिले. बाहेरगावचे अधिकारी बघायला यायचे. त्या वॉर्डातलं स्थळ सांगून आलं की आमच्याकडच्या बायका मुलाच्या पगाराआधी पाण्याची चौकशी करायच्या. आमची गल्ली त्यात नव्हती.

याच काकूंकडे मागं पुण्याचे पाहुणे आले होते. "अजून तुमच्याकडे पाण्याचे असे हाल?" एवढंच एकजण म्हणाला. काकू उसळल्या. "मलप्रभेचं पाणी आहे ओ आमचं, गोड. तुमच्यासारखं टँकरचं नाही. आणि आठ दिवसांनी आलं तरी पिंपभर येतं." पाहुणे गेल्यावर दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा उद्धार चालू. हे ढोंग नव्हे. हुबळीत जन्म गेलेल्या माणसाचं या गावाबद्दल एक मत नसतंच. समोर कोण उभा आहे त्यावर ते ठरतं. मी दुकानदार आहे, मला याचं नवल वाटत नाही.

साडेनऊ

चन्नम्मा सर्कलवर उड्डाणपुलाचं काम निघाल्यापासून स्कूटर कुठून घालायची हे रोज नव्याने ठरवावं लागतं. दुकान आमचं कोप्पीकर रोडला लागून असलेल्या बोळात. पाटी वाचायला मान वाकडी करावी लागते, पण पत्ता सांगताना आम्ही 'कोप्पीकर रोड' असंच सांगतो. हुबळीत या चार अक्षरांना वजन आहे. कपडा, चपला, घड्याळं, सोनं, चष्मे, सगळं या रस्त्यावर. पलीकडे दुर्गदबैलचा भाजी-भांड्यांचा गलका, दाजीबान पेठेत तुळजाभवानीचं देऊळ, जवळच मराठा गल्ली. नावं ऐकूनच मराठी माणसाला परकं वाटू नये. 1956 पर्यंत आम्ही मुंबई राज्यात होतो, हे गावाच्या बोलण्यात अजून मुरलेलं आहे. घरात मराठी, गल्ल्यावर कन्नड, व्यापाऱ्याशी हिंदी, आणि भांडण चढलं की तिन्ही.

शटर वर गेलं की पहिलं काम धुळीचं. हुबळीची धूळ ही बाहेरच्यांची नेहमीची तक्रार आहे, आणि खरी आहे. रात्रभर बंद दुकानात ती येते कुठून कळत नाही, पण गादीवरच्या पांढऱ्या चादरीवर बोट ओढलं की रेघ उठते. पोरगा चादर काढून बोळात झटकतो, समोरचा फरसाणवाला त्याच्याकडे बघून आपली परात झाकतो. पाणी शिंपडणं, उदबत्ती, गल्ल्याला हात लावून नमस्कार. भवानी होईपर्यंत उधारीचं नाव काढायचं नाही.

अकरा

ही मेली वेळ. गिऱ्हाईक नसतं, एजंट येतात. आज सुरतेचा आला. बॅगेतून पुस्तकासारखे नमुने काढून उलगडत गेला आणि उलगडता उलगडता गावाचं भविष्य सांगून मोकळा झाला. सोलापूर, इचलकरंजी, हुबळी, सगळी जुनी गिरणीवाली शहरं, सगळी 'ठंडी'. माल मात्र तिन्हीकडे खपवायला हाच येतो.

त्याला मी काही बोललो नाही, पण सोलापूर आणि हुबळी एका दावणीला बांधता येत नाहीत. सोलापुरात गिरणीने माणसं आणली, पेठा वसवल्या. गिरणी बसली की सगळंच बसायचं. हुबळीत गिरण्या होत्या, नाही असं नाही. कारवार रोडवर भारत मिलचं नाव अजून पत्त्यात चालतं, आत भोंगा वाजत नसला तरी. माझे चुलते गिरणीत होते. काम सुटल्यावर ते वर्षभर सकाळी डबा भरून घ्यायचे आणि कुणाच्या तरी ओट्यावर बसून खाऊन परत यायचे. त्या घरांची जी परवड झाली ती गावाच्या हिशेबात कुठंच लागली नाही, कारण बाजार बसला नाही. बाजार न बसल्यामुळेच त्यांचं दुःख कुणाला दिसलंही नाही, असं मला हल्ली वाटतं.

बाजार का बसला नाही? कारण हे गाव आधीपासूनच बनवणाऱ्यांपेक्षा विकणाऱ्यांचं आणि पोचवणाऱ्यांचं. रेल्वे येण्याआधी या मुलखातला कापूस बैलगाड्यांवरून घाट उतरून कुमठ्याच्या बंदरात जायचा. मुंबईच्या बाजारात त्या कापसाला नावच 'कुमठा' पडलं होतं. 1861 साली अमेरिकेत यादवी पेटली, मँचेस्टरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, तेव्हा धारवाड जिल्ह्यात रुजवलेल्या अमेरिकन वाणाला सोन्याचा भाव आला. मग 1880 च्या दशकात सदर्न मराठा रेल्वे आली, तिचं वर्कशॉप आलं. माझे वडील त्या वर्कशॉपात फिटर होते आणि हे दुकान त्यांच्या फंडाच्या पैशांतून उभं राहिलं. आज नैऋत्य रेल्वेचं मुख्यालय हुबळीत आहे, 2003 पासून. विजय संकेश्वरांच्या व्हीआरएलचे पिवळे ट्रक देशभर दिसतात, त्यांचंही घर हुबळीच. माल कुठंही बनू दे, इथून पुढं जातो. गोकुळ रोडला व्हॉल्व्ह बनवणारे कारखाने आहेत, किर्लोस्करांचं युनिट आहे, पण व्हॉल्व्ह पाइपात बसतो आणि पाइप जमिनीत, त्यामुळे हुबळीचं नाव त्यावर कोण वाचणार?

एजंट चहा पिऊन उठला. जाताना म्हणाला, जुनं पेमेंट तेवढं बघा. मी म्हटलं, नवलगुंदला पाऊस झालाय, बघतो. त्याला वाटलं मी टोलवतोय. खरं म्हणजे मी तारीख दिली होती.

साडेबारा

दुकानासमोर क्रूझर थांबली. बोळात क्रूझर शिरते म्हणजे लग्नाचा बस्ता. आमच्या धंद्यात बस्ता म्हणजे सण. एका बस्त्यात आठवड्याचा गल्ला होतो. नवलगुंद तालुक्यातल्या एका खेड्यातलं कुटुंब, काळ्या रानाचे लोक, कापूस-हरभरा-मिरची. म्हातारी, दोन सुना, नवरीकडची दोन माणसं, नवरदेव, आणि गणतीत न धरायची पोरं. "बर्री, कुंदर्री!" पोऱ्या पाणी आणायला धावला, दुसऱ्याने पंखा वाढवला, मी चपला काढून गादीवर सरकलो.

बस्ता हा शास्त्राप्रमाणे चालतो. आधी देवाची साडी, मग नवरीची, मग मानाच्या, मग देण्याघेण्याच्या. देण्याघेण्याच्या साड्या भावावर ठरतात, त्यात कुणी कापड बघत नाही, गठ्ठ्यावर हात ठेवून किती नग ते विचारतात. मानाच्या साडीला मात्र म्हातारी पुढं सरकली. इरकल दाखव म्हणाली.

मी दोन काढल्या. पहिली तिने उलगडलीच नाही. नुसता पदर बाहेर ओढला, उलटा केला, आणि जिथं साडीचं अंग संपून लाल पदर सुरू होतो तिथं अंगठ्याचं नख फिरवलं. इरकलची खूण तिथं असते. हातमागावर अंगाचा ताणा वेगळा आणि पदराचा वेगळा. एकेक धागा फास घालून दुसऱ्यात गुंतवतात, तेव्हा पदर साडीला लागतो. नख फिरवलं की तो जोड बारीक लागतो. यंत्रमागाच्या साडीला हे लागत नाही, रंग नुसता बदलतो. म्हातारीने साडी माझ्याकडे सरकवली. "मागाची नव्हे ही." मी काहीच न बोलता वरच्या फळीवरून तिसरी काढली, गोमी काठाची, टोप पदराची. तिने पुन्हा नख फिरवलं. पुन्हा एकदा. मग साडी सुनेच्या मांडीवर ठेवली, म्हणजे पसंत.

भाव विचारला आणि ती दचकली नाही. वरून म्हणाली, आमच्या सासूने याच रस्त्यावरून माझा शालू घेतला होता, बैलगाडीने आलो होतो, रात्री मठात मुक्काम केला. हुबळीत मिळत नाही असं काय आहे? तिच्या मुलखात हुबळीला छोटी मुंबई म्हणतात, आणि तिने दुसरी मुंबई पाहिलेली नाही, त्यामुळे छोटी हा शब्द तिच्या लेखी शोभेचा. मी म्हटलं, "खरं आहे अव्वा, बेंगळूरचे लोक इथं येऊन घेऊन जातात."

नवरदेव कोपऱ्यात मोबाईल बघत बसला होता. बेंगळूरला नोकरी करतो. त्याला शेरवानी हवी होती आणि ती आमच्याकडे नसते. तो रस्त्यावरच्या मॉलमध्ये जाऊन आला होता. "व्हरायटीच नाही ओ इथं," तो म्हणाला. "गावाला काही भविष्य नाही. आम्ही सगळे मित्र तिकडंच." मी म्हटलं, "होय की. हुबळीत काय राहिलंय आता? शिकलेल्या माणसाने इथं थांबू नये."

दोन वाक्यांच्या मध्ये फार तर दहा मिनिटं गेली असतील. गठ्ठा बांधणारा पोऱ्या माझ्याकडे बघून हसला. आणि दोन्ही वेळा मी खोटं बोललो नव्हतो. म्हातारी नवलगुंदहून हुबळी बघत होती आणि नातू बेंगळूरहून. दोघांच्या मधोमध बसून मी साड्या विकत होतो. आमच्या गावाबद्दल बाहेरचे काय म्हणतात असं कुणी विचारलं की मी आधी विचारतो, कुठल्या बाहेरचे?

अर्धे पैसे रोख मिळाले. उरलेले हरभरा निघाल्यावर. वहीत पान उघडलं. या वहीत पिकांची नावं तारखांच्या जागी लिहिलेली आहेत: मिरची निघाल्यावर, शेंगा निघाल्यावर. अमरगोळच्या बाजार समितीत मालाला काय भाव फुटतो त्यावर माझं सुरतेचं पेमेंट अवलंबून. कारखाना बंद पडल्याने माझी झोप कधी उडाली नाही. दोन मृग कोरडे गेले की उडते.

तीन

पोरं आळीपाळीने जेवायला जातात. त्यांतला एकजण सावजी खानावळीत जातो आणि घामाघूम होऊन परततो. नागपूरकरांना वाटतं सावजी फक्त त्यांचं. आमच्या पटेगार-खत्री लोकांच्या खानावळीत एकदा जेवून बघावं, मग वाद घालावा.

मी डबा खातो आणि पेपर वाचतो. 'संयुक्त कर्नाटक'ची कचेरी याच रस्त्यावर. बेळगावात जन्मलेला हा पेपर हुबळीत येऊन मोठा झाला. मराठी पेपर बेळगावचा येतो, दुपारपर्यंत त्याच्यावर शेजारच्या शिंप्याने मापं लिहिलेली असतात. सध्या वाचायला मजा येते ती धारवाडच्या वाटणीची. 1962 साली दोन गावं एका महापालिकेत घातली, आणि तेव्हापासून धारवाडवाले म्हणतात सगळा पैसा हुबळीला जातो, आम्ही म्हणतो सगळा मान धारवाडला जातो. विद्यापीठ त्यांचं, हायकोर्टाचं पीठ त्यांचं, 2016 पासून आयआयटीही त्यांची. आमच्याकडे काय, तर जगातला सर्वांत लांब फलाट, 1507 मीटर. 2023 च्या मार्चमध्ये पंतप्रधानांनी त्याचं लोकार्पण केलं. या टोकाला उतरलेला माणूस त्या टोकाला पोचेपर्यंत हुबळीकर होऊन जातो, असं आम्ही म्हणतो. 2025 च्या जानेवारीत राज्याच्या मंत्रिमंडळाने धारवाडला वेगळी महापालिका द्यायला मंजुरी दिली. आता तक्रार कुणाबद्दल करायची, हा दोन्हीकडे प्रश्न आहे.

कुणी हुबळीचं कौतुक करायला आलं की बेंगेरीला नेतात. तिथल्या खादी ग्रामोद्योग संघात राष्ट्रध्वज बनतात, 1957 साली स्थापन झालेली संस्था; लाल किल्ल्यापासून वकिलातींपर्यंत लागणारा खादीचा झेंडा इथला. बागलकोटकडे विणलेली खादी येते, इथं रंगते, कापली जाते, शिवली जाते. लहानात लहान झेंडा सहा इंच बाय चार, मोठ्यात मोठा एकवीस फूट बाय चौदा. चक्राचा एक आरा इकडं-तिकडं झाला तर अख्खा नग बाद. कामाला बहुतेक बायका. 2021 च्या डिसेंबरात ध्वजसंहिता बदलली, यंत्रावरच्या आणि पॉलिएस्टरच्या झेंड्यांना परवानगी मिळाली. पुढच्या ऑगस्टात कोप्पीकर रोडच्या फुटपाथवर पॉलिएस्टरच्या झेंड्यांचे ढीग लागले. बेंगेरीपासून काही किलोमीटरवर. गिऱ्हाईक माझ्याकडेही मागायला आलं, आणि मीही दोन गठ्ठे आणून विकले. धंदा आहे, हातावर हात ठेवून बसता येत नाही. पण बेंगेरीला पाहुण्यांना नेतो तेव्हा ही गोष्ट मी सांगत नाही.

साडेपाच

रस्ता तरुण होतो. कॉलेजं सुटतात, धारवाडहून 'चिगरी' बसने पोरी येतात, गाड्यांवर गिरमिट आणि मिरची भज्यांचा वास सुटतो. या वेळेचं गिऱ्हाईक साडी घेत नाही, खणाचं कापड घेतं. गुळेदगुड्डचा खण, पूर्वी म्हाताऱ्या चोळीला न्यायच्या. आता पोरी त्याचा कुर्ता शिवतात, पर्स शिवतात, कानातले करतात.

त्यातली एक वाटाघाट करता करता सांगत होती, की तिला इथंच नोकरी लागली, विमानतळाजवळच्या इन्फोसिसमध्ये. ती इमारत बांधून वर्षानुवर्षं रिकामी होती. सुधा मूर्ती इथल्याच बी.व्ही.बी. कॉलेजात शिकल्या, म्हणून गावाला वाटे की आपलं माणूस आहे, आज ना उद्या होईल. शेवटी पोरांनी समाजमाध्यमांवर मोहीम चालवली, आणि 2022 मध्ये काम सुरू झालं. किती जणांना मिळालं काम, तो वाद वेगळा. पण ही पोरगी संध्याकाळी घरी जेवणार आहे, एवढं खरं. "बेंगळूरला चाळीस हजारांत वीस भाड्यात जातात काका," ती म्हणाली, आणि मग खणाच्या मीटरमागे दहा रुपये कमी करायला लावले. हुबळीची पोरगी, शोभली.

साडेआठ

दिवसाची खरी घाई साडेसहा ते आठ, ती लिहिण्यासारखी नसते. माप, बिल, सुटे पैसे, बदलून द्या, रंग जातो का, रंग जात नाही. आता घड्या घालायच्या. दिवसभर उलगडलेल्या साड्या पुन्हा मूळच्या घडीवर पडल्या पाहिजेत, नाहीतर उद्या गिऱ्हाईक म्हणतं जुना माल आहे. पोरं भराभर घालतात. त्यांच्यातला जुना, उत्तर कॅनरातून आलेला, मला विचारतो, मालक, मी पुण्याला जाऊ का? तिथल्या शोरूमला पगार जास्त आहे. मी म्हणालो, जा, पण लग्नसराई झाल्यावर. तो हसला. गेल्या वर्षीही मी हेच म्हणालो होतो.

सव्वादहा

मेहुणीचा फोन, पुण्याहून. साडू दर डिसेंबरात सवाई गंधर्व महोत्सवाला मफलर गुंडाळून बसतात, आणि ज्या रामभाऊ कुंदगोळकरांच्या नावाने तो होतो त्यांचं कुंदगोळ आमच्यापासून वीसेक किलोमीटरवर आहे हे मी सांगेपर्यंत त्यांना ठाऊक नव्हतं. ज्या गावात गंगूबाई हनगलांचं घर आहे त्या गावाला ते "वाटेवरचं जंक्शन" म्हणतात. गेल्या खेपेला वंदे भारतने आले, रात्री उतरले, तो लांब फलाट चालताना मोजला, आणि सकाळी पहिलं वाक्य बोलले, "गावात बघण्यासारखं काही नाही ना?"

मेहुणी सांगत होती, तिच्या सोसायटीतल्या बायकांना खणाच्या साड्या हव्यात. पुण्यात एका प्रदर्शनात बघितल्या, भाव ऐकून सगळ्या परत आल्या. "तुमच्या हुबळीत मिळतील का हो?"

आमच्या हुबळीतून जातात, म्हटलं. किती नग?

"दहा-बारा. पण भाव घरचा लावा हं. तिकडं काय, सगळं स्वस्तच असेल."

बायको शेजारी बसून ऐकत होती. तिने डोळ्यांनीच विचारलं, किती सांगणार? संध्याकाळी त्या इन्फोसिसच्या पोरीला मीटरला जो भाव लावला तो साडीच्या मापाने धरून त्यावर मी नगामागे दीडशे चढवले आणि वर सांगितलं, पार्सलचं भाडं वेगळं, बिल्टी परवा मिळेल, पैसे आधी. मेहुणी म्हणाली, अय्या, एवढ्यात? मग तर वीस पाठवा.